कुलपांची कंपनी ठेवायची की विकायची

त्या आठवड्यात जो तो शहाणा झाला होता. टीव्हीवरचा टाय लावलेला तज्ज्ञ म्हणत होता, भाव फार दिला. दुसऱ्या चॅनेलवरचा बिनटायचा म्हणत होता, कमीच दिला. पेपरात एका मोठ्या गुंतवणूकदाराचा हनुवटीला हात लावलेला फोटो होता. त्याचं म्हणणं, थांबावं आणि बघावं. एवढं सांगायला त्याला अर्धं पान लागलं होतं.

झालं होतं ते असं. जगातल्या निम्म्या कॉम्प्युटरांत जिचं काही ना काही असतं, अशा एका बलाढ्य कंपनीने सायबर सुरक्षेची एक छोटी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. छोटीने होकारही दिला होता. आता छोटीच्या भागधारकांनी कळवायचं होतं, की शेअरच्या बदल्यात रोख पैसे हवेत, की मोठीचे शेअर.

किल्लीवाली काउंटरवर पेपर पसरून, एका हाताने किल्लीची धार घासत, हे सगळं वाचत होती. तिच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याला पायरीवर उभं राहावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, कोपऱ्यात किल्ल्या कापायचं मशीन, आणि काउंटरच्या आत एक स्टूल. त्यावर रोज संध्याकाळी सिस्टर येऊन बसे आणि किल्ली करायला आलेल्या माणसाला ब्लडप्रेशर विचारी.

"पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल," किल्लीवाली पेपराला म्हणाली.

"कुणाची म्हैस?" पोस्टमनकाका अर्धी तुटलेली किल्ली घेऊन उभे होते. उरलेली अर्धी घराच्या दारात होती.

"आमची. ही कंपनी आहे ना, तिचा एवढासा तुकडा आमचा आहे. चौघींचा."

काकांनी चष्मा वर करून पेपरातल्या फोटोकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. दोन्हींचा मेळ त्यांना बसेना. "मग विकताय?"

"आज दुपारी ठरेल."

"मला विचाराल तर विकून टाका. हातचं सोडून पळत्याच्या पाठीला लागू नये."

"काका, तुमच्या हातात अर्धी किल्ली आहे. आधी तिचं बघू."

काका हसले. ती मात्र हसली नाही, कारण तिचं ठरलं होतं. शेअर ठेवायचे, म्हणजे बदल्यात मोठीचे घ्यायचे. आणि खरं सांगायचं तर हे काही कंपनीच्या प्रेमापोटी नव्हतं. सिस्टरला तिच्या लेकीच्या गावी, लेकीच्याच गल्लीत, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मिळत होतं. जावई फिरतीवर, लेकीला दुसरं मूल होणार, आणि घराचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार. शेअर विकले तर सिस्टरच्या वाट्यात ते घर बसत होतं. मोठीचे शेअर घेतले तर ते वर्षभर हलवता येणार नव्हते, म्हणजे घर गेलं. घर गेलं की सिस्टर राहिली. इतकं सरळ होतं ते. आणि इतकं सरळ असल्यामुळेच किल्लीवालीला चार दिवस आरशात नीट बघवत नव्हतं.

*

चौघींचं मंडळ नऊ वर्षांपूर्वी मावशीच्या शिवणखोलीत सुरू झालं. मावशी म्हणजे वरच्या मजल्यावरची शिंपीण. आखूड पँट लांब करणं, लांब पँट आखूड करणं, आणि वजन वाढलेल्या माणसाला कोट परत बसवून 'कापडच आटलं बघा' असं सांगणं, हा तिचा धंदा. दुसरी सिस्टर, प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली. तिसऱ्या बाई. त्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि बाकी तिघींची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. म्हणून सगळ्या एकमेकींना अगं-तुगं करत, पण बाईंना अहो-जाहो. बाईंना हे आवडत नसे, असं त्या म्हणत. चौथी किल्लीवाली.

छोट्या कंपनीचं नाव पहिल्यांदा काढलं ते बाईंनी. त्यांच्या शाळेतले सगळे कॉम्प्युटर एके दिवशी कुणा चोरांनी दूर बसून बंद करून टाकले होते. निकाल, दाखले, हजेरी, सगळं आत. वर निरोप, की पैसे द्या म्हणजे उघडतो. तेव्हा त्या कंपनीतून चुरगळलेल्या शर्टातली दोन माणसं आली, तीन दिवस वर्गात बसली आणि सगळं उघडून देऊन गेली. हे ऐकून किल्लीवालीने हातातली बशी खाली ठेवली होती. "अहो बाई, ही तर आपल्याच धंद्यातली माणसं!" शेअर घ्यायचा आग्रह तिचाच.

पण घ्यायचा म्हटला म्हणून घेतला, असं या मंडळात होत नसे. त्याच्या आधी एकदा झालं होतं. आपोआप घडी होणाऱ्या छत्र्यांच्या कंपनीवर चौघीही एकाच दुपारी भाळल्या, एकीनेही 'पण' म्हटलं नाही, आणि छत्र्यांआधी कंपनीचीच घडी झाली. तेव्हा बाईंनी नियम केला. सुरुवातीला प्रत्येकीने आपल्या मनातलं बटण डब्यात टाकायचं. काळं म्हणजे ठेवा, पांढरं म्हणजे विका. मग जिने काळं टाकलं तिने विकण्याच्या बाजूने बोलायचं, आणि जिने पांढरं टाकलं तिने ठेवण्याच्या. तेही मनापासून. पडेल आवाजात बोलली तर बाई परत उभं करत. शेवटी चहा, आणि चहानंतर पक्कं बटण. चारही बटणं एका रंगाची निघाली तरच काही करायचं, नाहीतर जैसे थे.

त्याच दिवशी, शनिवारी, तीन वाजता मावशीने कापायच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारले, डबा मध्ये ठेवला आणि त्यावर अस्तराचा तुकडा टाकला.

"फॉर्म वाच गं," ती किल्लीवालीला म्हणाली.

किल्लीवालीने मावशीचा मोबाइल लांब धरून वाचला. "एका खात्याला एकच पर्याय. रोख नाहीतर शेअर. आज संध्याकाळी पाचपर्यंत काही कळवलं नाही, तर शेअर."

"म्हणजे आपण नुसत्या भांडत बसलो तरी शेअर," सिस्टर म्हणाली.

"भांडायचं नाही, मुद्दे मांडायचे," बाई म्हणाल्या.

अस्तराखाली चार हात एकामागून एक गेले. बाईंनी डबा टेबलावर पालथा केला. तीन पांढरी, एक काळं.

कुणाचं कुठलं, हे आता कुणी बोलायला लागली की कळणारच होतं. किल्लीवालीने उगाच सुईदोऱ्यांच्या डबीचं झाकण लावलं आणि काढलं.

*

आधी बाई उठल्या. म्हणजे ठेवण्याच्या बाजूने, म्हणजे त्यांना विकायचं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून तसं कुणी म्हटलं नसतं.

"चोर दर वर्षी पास होऊन वरच्या वर्गात जातात," बाईंनी सुरुवात केली, "आणि त्यांना पकडणारे नापास होऊन त्याच वर्गात बसतात. तेव्हा या धंद्याला मरण नाही. काल शाळा होती, आज दवाखाना, उद्या पाणीपुरवठा. बैल गेला आणि झोपा केला, असं प्रत्येकाचं होतंय, आणि झोपा करून देणारे हे. आता छोटीकडे कुलूप उत्तम, पण बसवायला दारं किती? हिंडून हिंडून एकेक दार शोधायचं. मोठीकडे दारंच दारं. कुलूप आणि दार एका घरात आलं, तर फायदा कुणाला? ज्याच्याकडे शेअर आहे त्याला. समजलं? कुणाला शंका?"

"नाही, बाई," तिघी एका सुरात म्हणाल्या आणि मग स्वतःलाच हसल्या.

बाई बसताना पुटपुटल्या, "खरंच की. मी हा मुद्दा धरलाच नव्हता."

मावशीला बोलायचं म्हटलं की हाताला काम लागे. तिने एका पँटची शिवण उसवायला घेतली. "मला पैसे हवे होते ते या गुडघ्यांसाठी, ते जाऊ दे. पण नियम म्हणजे नियम. रेडीमेड कपड्यांचं दुकान कोपऱ्यावर आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे कसं बघितलं होतं, आठवतंय? सिस्टर तर मला भेटायला फळं घेऊन आली होती. जशी काही मी आजारी."

"मला वाटलं, तू खचलीस."

"मलाही वाटलं. पण रेडीमेड बसतं कुणाला? एकाच्या बाह्या लोंबतात, एकाचं पोट मावत नाही. त्या दुकानातली सगळी दुरुस्ती माझ्याकडे येते. मोठ्याने माझा घास काढला नाही बाई, माझं ताट मोठं केलं. टीव्हीवरचे सांगतात, मोठी छोटीला गिळणार. अरे, पण कधी कधी पोटात जाऊनच माणूस नीट बसतो."

"हे काही बरोबर वाटत नाही," बाई म्हणाल्या.

"शिंपिणीचं आहे. घट्ट वाटलं तर सैल करून घ्या."

आणि मग सगळ्यांनी किल्लीवालीकडे पाहिलं. काळं बटण कुणाचं, ते आता उघडच होतं. तिला विकण्याच्या बाजूने बोलायचं होतं. तिने ठरवून ठेवलं होतं की बोलायचं, पण बेताने. चारच वाक्यं. पण तोंड उघडलं आणि आतून दुसरीच किल्लीवाली बाहेर आली, जी दिवसभर काउंटरवर उभी असते आणि जिला खोटं कुलूप खपवता येत नाही.

"हे गेले त्याच्या आधीची गोष्ट," ती म्हणाली. "नदीपलीकडे एका बिल्डरने एकशेवीस घरं बांधली. आम्हाला वाटलं, कुलपांचं काम आपल्याला मिळेल. तर तो म्हणाला, कुलपांचा कारखानाच विकत घेतलाय, घर बांधणारा मीच, कुलूप लावणारा मीच, गिऱ्हाइकाला एका बिलात सगळं. लोक खूश. कुलूपही चांगलं होतं हो, मी स्वतः उघडून बघितलं होतं. पहिली वीस घरं छान. पुढे झाली घाई. घरं भराभर विकायची, मग कुलूप करणाऱ्यालाही म्हणायचं, भराभर कर. कारखान्यातला जुना कारागीर म्हणाला, किल्लीचे दाते असे घाईत पडत नाहीत. त्याला म्हणाले, तू जा. तो गेला. एकशेवीस घरांत किल्लीचे प्रकार किती निघाले, सांगा."

"किती?"

"अकरा."

मावशीचा हात थांबला.

"एक गृहस्थ संध्याकाळी कामावरून आले, दार उघडलं, कोट खुंटीला लावला, बूट काढले, सोफ्यावर बसून टीव्ही लावला. आतून बायको म्हणाली, चहा घेणार का? ते म्हणाले, हो. चहा घेऊन आली ती शेजाऱ्याची बायको."

सिस्टर तोंडावर रुमाल धरून हलायला लागली. "मग?"

"मग काय, चहा करून झालाच होता. घेतला."

खोली हसली. किल्लीवालीही हसली, पण थांबली नाही. "हसताय, पण ऐका. कुलूपवाल्याला किंमत कशाची? तो कुणाचाच नसतो, त्याची. मी तुमच्याकडे कुलूप बसवते, शेजाऱ्याकडेही बसवते, दोघांचं भांडण असलं तरी. या छोट्या कंपनीला लोक बोलावत, कारण ती कुठल्याच मोठीची नव्हती. बाईंच्या शाळेत एका कंपनीचे कॉम्प्युटर, सिस्टरच्या दवाखान्यात दुसरीचे, ती दोन्हीकडे जायची आणि खरं सांगायची, की चूक तुमच्या यंत्रात आहे. उद्या ती मोठीच्या पगारावर. मोठीच्याच यंत्रात भोक दिसलं तर ती ओरडून सांगेल? सांगेल, पण आधी साहेबांना विचारून. बाकीच्या कंपन्या म्हणतील, तुमचा माणूस आमच्या घरात नको. आणि ती चुरगळलेल्या शर्टातली माणसं? ती वर्षभरात जातील. मोठ्या घरी कपडे इस्त्रीचे लागतात. मग मोठीने नक्की घेतलं काय? पाटी. बडा घर, पोकळ वासा. आज रोख देतायत, तर घ्यावी, आभार मानावेत आणि घरी जावं."

ती बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला आवाज चढला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण बोललो ते खरं होतं. एक अक्षर बनवलेलं नव्हतं. पेपरातल्या त्या हनुवटीवाल्यालाही हे सुचलं नव्हतं.

"माझे आई!" मावशी म्हणाली. "तू तर ठेवणारी ना?"

"होते," किल्लीवाली म्हणाली, पण इतकं हळू की ते शिलाई मशीनच्या पायडलाखालीच गेलं.

शेवटी सिस्टर. तिने पर्स मांडीवर घेतली, उठली नाही. "आमचं प्रसूतिगृह मोठ्या हॉस्पिटलने घेतलं, तेव्हा आम्ही काय रडलो! नवी विटी, नवं राज्य. मेट्रनबाई म्हणाल्या, आता प्रत्येक बाळाला नंबर लावतील. मी तर दुसरीकडच्या नोकरीचा अर्ज लिहून या पर्समध्ये ठेवला होता. सहा महिने नुसता ठेवला. रोज वाटायचं, आज टपालात टाकू. आणि तेवढ्यात नवीन मशीनं आली, रात्रपाळीला डॉक्टर आला, जी बाळं आधी हातातून जायची ती राहायला लागली. बाळांना नंबरही लावले, पण नावानेच हाका मारायचो आम्ही. म्हणजे मोठ्याने घेतलं म्हणून वाईटच होतं, असं नाही. थांबलं तर कळतं. मी थांबले. त्या अर्जाचं पुढे मी बोळा करून काय केलं, आठवत नाही." ती पर्सच्या चेनशी खेळत राहिली. "माणूस उगाच घाई करतो. आहे तिथे आपल्याला चार लोक ओळखतात. नव्या ठिकाणी जायचं, दूधवाल्यापासून सुरुवात करायची, या वयात. कोण विचारणार आपल्याला? नाही, ठेवावेत शेअर. मला तर पटलं. माझंच मला पटलं."

"सिस्टर, शेअरबद्दल बोलायचं," बाईंनी बजावलं.

"शेअरबद्दलच बोलतेय."

*

चहा झाला. बिस्किटं झाली. पुन्हा अस्तराखाली चार हात गेले. बाईंनी डबा पालथा केला.

तीन काळी, एक पांढरं.

मावशीने बटणं बोटाने पुन्हा मोजली, जणू शिवायला दिलेली कुणीतरी बदलली होती.

"समीकरणाच्या दोन्ही बाजूंना उणे एकने गुणलं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "बत्तीस वर्षांत असं फळ्याबाहेर कधी बघितलं नव्हतं."

"म्हणजे आम्ही तिघी आमच्याच बोलण्याला भुललो, आणि ही तिच्या?" मावशी हसून हसून टेबलाला टेकली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्या नियमाला आता पेन्शन द्या, बाई!"

"पण झालं ते बरंच झालं," सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "किल्ली, तुला पहिल्यापासून ठेवायचेच होते ना? आता सगळ्यांना ठेवायचेत. टाक काळं, मिटलं. नाही टाकलंस तरी पाचला मिटेलच. मी लेकीला कळवते, नको ते घर. वर्षभराने बघू, दुसरं मिळेल."

घड्याळात चार वीस झाले होते. किल्लीवालीच्या मुठीत एक काळं बटण होतं. कधी उचललं, तिला कळलंही नव्हतं. टाकायचीही गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं. चाळीस मिनिटं बिस्किटांचा चुरा गोळा करायचा, आणि सिस्टर सोमवारीही स्टुलावर, मंगळवारीही. कुणी तिला बोल लावणार नव्हतं. उलट सगळ्या म्हणाल्या असत्या, किती समजूतदार.

पण सिस्टरचा तो मोकळा चेहरा तिने कुठेतरी बघितला होता. सुनेसाठी दुसरी किल्ली करून घ्यायला आलेली सासू. तिला म्हटलं, 'आज मशीन बंद आहे हो', की ती अशीच खुलते. नाइलाजच झाला, मी काय करणार, असं म्हणत हलकी होऊन पायरी उतरते. किल्लीवाली अशा बायकांना पायरीवरून परत बोलावते. 'थांबा, चालू झालं.' त्यांना राग येतो. पण सुनेला घरात यायला किल्ली लागतेच.

"नाही," ती म्हणाली. "माझं पांढरंच."

"अगं, पण का?"

"कारण मी बोलले ते खरं आहे. तुम्ही बोललात तेही चांगलं होतं, बाई, पण तुम्ही दारं मोजलीत, मी कुलूप उघडून बघितलंय. आणि दुसरं." मुठीतलं काळं बटण तिने बाजूला सारलं. "मघाशी मी काळं टाकलं ते शेअरसाठी टाकलंच नव्हतं. ही जाऊ नये म्हणून टाकलं होतं."

बाईंनी वर्गात उगारावं तसं बोट वर केलं.

"मंडळाचा नियम," बाईंनी सुरुवात केली, "शेअर सोडून..."

"बाई, गप्प बसा जरा," मावशी म्हणाली. नऊ वर्षांत बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. बाई गप्प बसल्या.

सिस्टर किल्लीवालीकडे बघत होती. "मग आता तर मी राहतेय. तुला हवं तेच. मग आता का मला घालवायला निघालीस?"

"निघाले."

"निर्लज्ज."

"आहे. मघापर्यंत चोर होते, आता निर्लज्ज आहे. सुधारतेय. सिस्टर, तू घर रद्द करतेस ते शेअर चांगले म्हणून नाही. तुला भीती वाटते म्हणून. तुझी लेक परवा फोनवर काय म्हणाली, ते तूच मला सांगितलंस ना?"

"काही नाही म्हणाली."

"म्हणाली, आई, तू बाराशे बायकांच्या उशाशी बसलीस, माझ्या कधी बसणार?"

सिस्टरने पर्स बंद केली. पुन्हा उघडली. "तिला बोलायला काय जातं? तिकडे मला दूधवाला ओळखत नाही."

"इकडचा ओळखतो म्हणून काय? त्याला तू दरवेळी मीठ कमी खा म्हणतेस म्हणून तो बाटली ठेवून पळतो. तिथला नवीन आहे, बिचाऱ्याला ठाऊक नाही. चार दिवस तरी थांबून ऐकेल."

मावशीला हसू आवरेना. सिस्टरला आवरायचं होतं, पण तिच्या खांद्यांनी ऐकलं नाही. हसता हसता तिने रुमाल काढला, आणि रुमाल काढल्यावर तो दुसऱ्याच कामाला लागला.

"आणि इथे तुझ्याकडे कोण येणार?" ती रुमालातून म्हणाली.

"गिऱ्हाइकं येतील की. आता निदान न घाबरता येतील."

"मला भीती वाटते गं."

"ठाऊक आहे. मलाही वाटते. म्हणूनच काळं टाकलं होतं ना?"

मावशीने उसवलेली पँट घडी करून ठेवली. "मी पहिल्यांदाही पांढरंच टाकलं होतं," ती म्हणाली. "गुडघे माझे, आणि मी त्यांना ताटाची गोष्ट सांगत बसले. बाई?"

बाईंनी चष्मा पुसला. "अकरा प्रकारच्या किल्ल्या आणि एकशेवीस घरं. म्हणजे एकेका किल्लीने जवळजवळ अकरा दारं उघडणार. हे उदाहरण मी आधीच विचारात घ्यायला हवं होतं." त्यांनी पांढरं बटण उचललं, टेबलावर ठेवलं आणि आकृती नीट काढावी तसं मधोमध सरकवलं.

मावशीचं त्याच्या शेजारी आलं. किल्लीवालीचं होतंच. सिस्टरने आपलं पांढरं बटण हातात धरून ठेवलं, कितीतरी वेळ, जणू ताप बघत होती. मग ठेवलं. अस्तर घालायची आठवण कुणाला झाली नाही.

फॉर्म मावशीच्या नावाने होता, कारण चौघींत तिचीच सही दरवेळी सारखी येई. पण आता सही नव्हती, अंगठा होता, आणि चाळीस वर्षं सुया टोचून टोचून मावशीच्या अंगठ्यावर रेघ म्हणून राहिली नव्हती. फोन म्हणाला, ओळख पटत नाही.

"माझी ओळख पटत नाही म्हणे! मेल्या, मीच घेतला तुला!"

"पुसून लाव, मावशी."

"क्रीम लाव."

"डावा लाव, डावा! सुई उजव्याने धरतेस."

डावा चालला. पाचला सात मिनिटं होती. पडद्यावर हिरवी खूण आली, आणि कधीकाळी चहाची बशी खाली ठेवून घेतलेली कंपनी त्यांची उरली नाही. चांगलं कुलूप बसवून झाल्यावर, दोनदा फिरवून बघितल्यावर, हात जसे हलके होतात, तसे किल्लीवालीचे झाले होते.

सिस्टरने तिथेच लेकीला फोन लावला. तिला ऐकायला कमी येई, म्हणून स्पीकरवर.

"घर घेतेय," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी मोठ्याने नाक ओढलं. "खरंच? आई, खरंच? कधी येतेस?"

सिस्टरने फोनवर हात ठेवला आणि किल्लीवालीकडे बघितलं. "कधी म्हणून सांगू?"

"सोमवारी."

"परवाच्या? अगं, सामान आहे, कपाट आहे..."

"सामान नंतर. सोमवारी जाऊन मालकाला शब्द दे. मंगळवारपर्यंत थांबलीस तर माझं डोकं परत फिरेल. माझा काही भरवसा नाही."

"पावणेआठची गाडी आहे," बाई म्हणाल्या. "बसायला मिळतं."

"आई?" फोनमधून लेक ओरडत होती. "कोण बोलतंय तिथे? सोमवार कोण म्हणालं?"

"कुणी नाही गं," सिस्टर फोनवरचा हात काढून म्हणाली. "इथे एकमत झालंय."